कपाटावर फिरणारा हात

शनिवारी सकाळी नेहमीसारखं कपाटाच्या दाराला नाक लावलं आणि मला कळून चुकलं, माझ्या माघारी कोणीतरी माझं कपाट पुसतंय.

नाक लावणं ऐकायला विचित्र वाटेल, पण माझी नोकरीच तशी आहे. मी विमा कंपनीत नुकसान तपासते. लोक फोन करतात, नळ फुटला, टेबल वाया गेलं. मी जाऊन बघायचं की टेबल कालच्या पाण्यानं गेलंय की वर्षानुवर्षांच्या हलगर्जीपणानं. डाग बघायचा, कडा चाचपायच्या, वास घ्यायचा आणि समोरचा माणूस उत्तर देताना कुठे बघतोय तेही बघायचं. घरी आल्यावर हा स्वभाव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. चहात साखर कमी पडली तर मी 'साखर दे' म्हणत नाही, 'साखर कोणी काढली' असं विचारते, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत असतो. सांगू दे.

तर वास. माझ्या कपाटाला मेणाचा वास यायला हवा. मधमाश्यांच्या मेणाचं पॉलिश मी वापरते, त्याचा वास मंद आणि जरासा गोडसर असतो. त्या दिवशी मात्र खालच्या अर्ध्या भागाला चक्क केसांच्या तेलाचा वास येत होता. बोट फिरवलं तर आधी घसरलं आणि मग चिकटलं. लाकडाला केसांचं तेल! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

यात एवढं काय, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी सांगते. लाकडावर तेल चोपडलं की दोन दिवस ते फार सुरेख चमकतं. मग ते तेल खवट व्हायला लागतं, त्यावर बसलेली धूळ हलायचं नाव घेत नाही आणि नक्षीच्या खाचांत काळं किटण साचतं. लाकूड पुसायची एक रीत असते. आधी कोरडं फडकं, वापरून वापरून मऊ झालेलं, लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेनं फिरवायचं. नक्षीत दाढीचा जुना ब्रश. डाग असेल तर फडकं ओलं करून असं पिळायचं की पुन्हा पिळलं तर थेंब निघता कामा नये, आणि लगेच दुसऱ्या फडक्यानं कोरडं करायचं. मेण अधूनमधून, तेही अगदी पातळ. लावायचं, थांबायचं आणि मग हात भरून येईपर्यंत घासायचं.

हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलं. लग्न करून सासरी आले तेव्हा माझ्याशी धड कोणी बोलत नव्हतं, कारण आमचं लग्न कोणाच्याच मनासारखं झालेलं नव्हतं. एक दिवस सासूबाईंनी माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाल्या, "हे घे. पूस, आणि पुसता पुसता बोल." त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही दोघी कपाटात तोंड घालून पुसायचो आणि बोलायचो. एकमेकींकडे बघावं लागत नसे, म्हणून सगळं बोलता यायचं. त्या गेल्या तेव्हा चार माणसांत मला रडू आलं नाही, नंतर कपाट पुसताना आलं. म्हणून मला ते कपाट हवं होतं. दागिने नकोत, भांडी नकोत, ते शिसवी कपाट तेवढं हवं होतं.

आता 'हवं होतं' म्हणून चालत नव्हतं, कारण आमच्या घरात त्याचा एक नियम झाला होता. सासूबाई गेल्यावर अण्णा, म्हणजे माझे सासरे, जुनं घर सोडून आपलं सामान घेऊन आमच्याकडे राहायला आले. थोरले दीर आणि जाऊ समोरच्याच घरात राहतात, जिन्याच्या या बाजूला आम्ही आणि त्या बाजूला ते. एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे. अण्णांच्या खोलीत आरसा लावलेलं ते शिसवी कपाट, लिहायचं सागवानी टेबल आणि हातांची खुर्ची एवढं येऊन बसलं. एकदा सगळे एकत्र जेवायला बसलेलो असताना दोघा भावांत सुरू झालं, हे पुढे ठेवायचं कोणी, मावणार कुठे, कशाला हवीत एवढी धुडं. अण्णांनी ताटावरून मान वर न करता म्हटलं, "जो पुसेल त्यानं घ्या, आणि मला जेवू द्या."

झालं! अण्णा ते वैतागून बोलले असतील, पण आमच्या घरात वैतागून बोललेलंच खरं धरतात. दुसऱ्या दिवशी माझी जाऊ नवीन फडकं घेऊन टेबल पुसायला हजर. घरात तिला मोठी म्हणतात आणि मला धाकटी. तिनं टेबल धरलं म्हणताना मी कपाट धरलं. खुर्चीत अण्णाच बसलेले असायचे, त्यामुळे ती कोणी धरली नाही. तेव्हापासून टेबल मोठीचं आणि कपाट माझं, हे कोणी न बोलता ठरून गेलं होतं.

आणि आता माझ्या कपाटावर केसांचं तेल.

संशय कोणावर घ्यायचा यासाठी मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. दोन्ही घरांसाठी तेलाची एकेक बाटली मोठीच आणते. त्यातलं बहुतेक तिलाच लागतं, कारण तिची वेणी अजून कमरेपर्यंत आहे. माझे केस आखूड, दोघा भावांचे विरळ आणि अण्णांचं डोकं तर तुळतुळीत. शिवाय तेलाचा हात कपाटावर जेमतेम माझ्या छातीपर्यंत पोचला होता, त्याच्या वर माझं मेण जसंच्या तसं होतं. मोठी ही फक्त मानानं मोठी, उंचीला माझ्या खांद्याला लागते. आणि आमच्या घराची किल्ली तिच्याकडे. कामावर एवढा पुरावा मिळाला असता तर मी चहासुद्धा न पिता अहवाल लिहायला बसले असते.

कारणही उघड होतं. टेबल तर तिच्या नावावर पडलंच होतं, आता हळूहळू कपाटावरही हात फिरवायचा. नाहीतर त्याहून वाईट: कपाट खराब करायचं, म्हणजे अण्णा म्हणतील धाकटीला काही निगा राखता येत नाही. पहिलं असेल तर हावरटपणा आणि दुसरं असेल तर कावा. मी दोन्ही धरून चालले.

नक्षीतल्या वेलीच्या एका पानाखाली मला पांढरा सुती दोरा अडकलेला मिळाला. माझं फडकं पिवळं. मोठीचं ते दुकानातलं झुपकेदार निळं. हा दोरा तर बनियनचा दिसत होता. संध्याकाळी मी नवऱ्याला गाठलं.

"वहिनी दुपारच्या येतात का रे आपल्याकडे?"

"मला काय माहीत? मी दुपारी कामावर असतो."

"तुझं एखादं बनियन कमी आहे का?"

त्यानं पेपर खाली ठेवला. "आता माझ्या बनियनचाही विमा काढलास का?"

"कपाटाच्या नक्षीत बनियनचा दोरा सापडला."

"मग त्या दोऱ्याला विचार. मी त्या कपाटातून आजवर रुमाल काढलेला नाही, पुसेन कशाला?"

हे मात्र खरं होतं. तरी मी त्याच्या बनियनांचा ढीग उलटापालटा करून बघितला.

"एवढं आहे तर सरळ वहिनींना विचार ना," तो म्हणाला.

"सरळ विचारलं की माणूस सावध होतो."

"अगं, ती आपली वहिनी आहे!"

"माणूसच आहे ना?" मी म्हटलं.

मग मी सापळा लावला. कामावर निघायच्या आधी कपाटाच्या खालच्या पट्टीवर टाल्कम पावडरची चिमूट भुरभुरली, दिसेल न दिसेल अशी. संध्याकाळी येऊन बघते तर पट्टी लख्ख आणि तेलाचा वास ताजा. मी तशीच अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. ते खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"अण्णा, मोठी आली होती का आज?"

"आली असेल."

"कपाटापाशी काही करत होती?"

"मी पेपर वाचत होतो."

पेपर त्यांनी चेहऱ्यासमोर जरा जास्तच वर धरला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. अण्णांना माहीत आहे! त्यांनी सगळं बघितलंय आणि ते मोठीला पाठीशी घालतायत. मला फार लागलं ते. त्यांचं जेवण मी बघते, औषधं मी आणते, पाठ दुखली की शेक मी देते, आणि बाजू घ्यायची ती समोरच्या घराची. त्या शनिवारी मी जरा जोरातच म्हटलं, "अण्णा, सरका जरा, माझं कपाट पुसायचंय." अण्णा मुकाट्यानं खुर्ची ओढून बाजूला झाले. मी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं सगळं तेल काढलं, कोरडं केलं, पुन्हा मेण लावलं. चार-पाच दिवसांत पुन्हा तेल!

आता सोक्षमोक्ष लावायलाच हवा होता. मोठी जिन्यात भेटली, हातात भाजीची पिशवी.

"वहिनी, एक विचारू?"

"विचार. तू काय विचारल्याशिवाय राहणार आहेस?"

"माझ्या कपाटाला तेल कशाला लावता?"

मोठीनं पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवून बोलायला लागली की ती लांबणार हे ठरलेलं. "मी? मी तेल लावते? आणि तू माझ्या टेबलावर पाणी ओततेस त्याचं काय?"

"मी कशाला ओतू?"

"तेच म्हणते मी! इतके दिवस गप्प बसले. म्हटलं जाऊ दे, धाकटी आहे, दिवसभर लोकांची लबाडी बघून येते, डोकं फिरत असेल. पण टेबल पांढरं पडायला लागलं तरी मी काही बोलायचं नाही का?"

"पांढरं?"

"ये, दाखवते. तुझ्याच घरात आहे, तुला दिसत नाही. तुला फक्त कपाट दिसतं."

आम्ही दोघी तणतणत अण्णांच्या खोलीत गेलो. अण्णा पाय मोकळे करायला खाली गेले होते. टेबलावर खरंच धुरकट पांढरे पट्टे पडले होते. मी वाकून बघितलं. त्या टेबलाला जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश आहे, त्यावर ओलं फडकं तसंच सोडलं की असं होतं. शंकाच नव्हती, कोणीतरी निथळत्या फडक्यानं टेबल पुसत होतं आणि कोरडं करत नव्हतं.

"हे मी केलेलं नाही," मी म्हटलं.

मोठी पट्ट्यांकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "तू माझ्यावर उट्टं काढशील, पण लाकडावर काढणार नाहीस. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

मीही तिच्याबद्दल असंच काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण मी तिची वेणी बघत होते. वेणी कोरडी होती, नुकतीच धुतलेली.

"तुमचं तेल पुरतंय का हल्ली?" मी विचारलं.

"तुमच्याकडची बाटली फार लवकर संपते. मला वाटायचं तू केस वाढवायचं मनावर घेतलंयस."

मग आम्ही अण्णांच्या पलंगावर बसलो आणि एकेकाला चाळणीतून काढलं. माझा नवरा? तो स्वतःचा कप उचलत नाही. थोरले दीर? "ते तर ताटाखाली सांडलेलं पाणीसुद्धा मला हाक मारून दाखवतात," मोठी म्हणाली. बाहेरचं कोणी घरात येत नाही. दाराचं कुलूप शाबूत. कुठेतरी पाणी मुरत होतं खास, पण घरातली सगळी माणसं धरून झाली आणि हाती कोणीच लागलं नाही. मी हे कामावर रोज करते, बरं का. घरात कोण कोण होतं, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बाहेरच्या चपला घालून, पिशव्या घेऊन अण्णांच्या दारात उभ्या राहिलो.

"अण्णा, आम्ही जरा बाजारात जाऊन येतो," मोठी म्हणाली.

"जा. सावकाश या," अण्णा म्हणाले.

सावकाश! अण्णांनी आजवर मला सावकाश या म्हणून कधी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. दार दणक्यात लावून घेतलं, चार पायऱ्या आवाज करत उतरलो आणि चपला हातात घेऊन मांजरीच्या पावलांनी परत वर आलो. मोठीला हसू आवरेना. मी तिला दटावलं. या वयात जिन्यात बसून डोळ्यांत तेल घालून पहारा करायची पाळी आली, तीही मी जिला चोर समजत होते तिच्याच शेजारी बसून.

जिन्यातून कोणी वर आलं नाही की खाली गेलं नाही. आणि तरी आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी किल्ली अगदी हळू फिरवली. अण्णांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्या फटीतून कपाटाचा आरसा दिसत होता. आरशात अण्णा होते. कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले होते. मांडीवर तेलाची वाटी, हातात फाटकं बनियन. बसल्या बसल्या हात पोचेल तिथपर्यंत कपाटाचं दार गोल गोल घासत होते, रेषा आडवी का उभी हे न बघता, जोर लावून. मध्येच दम लागला की थांबत होते. मग उठले, पाण्याच्या ग्लासात बनियनचं दुसरं टोक बुडवलं आणि तसंच ठिबकत टेबलावर फिरवलं. तिथून पुन्हा खुर्चीकडे आले आणि खुर्चीचे हात पुसायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात कधी आपलं ताट उचललं नाही, तो माणूस घामाघूम होऊन लाकूड पुसत होता.

वर बघितलं तेव्हा आरशात त्यांना आम्ही दिसलो. हातात चपला घेतलेल्या दोन सुना.

"आलात का?" ते म्हणाले. "बाजार जवळ आलेला दिसतोय."

काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "अण्णा, केसांचं तेल लावतात का कोणी लाकडाला?"

"मला काय माहीत? चमकतं."

"पण तुम्ही कशाला पुसता अण्णा?" मोठी म्हणाली. "आम्ही आहोत ना दोघी."

"म्हणूनच पुसतो."

त्यांनी बनियनची घडी केली, वाटी खाली ठेवली. घाई केली नाही. "जो पुसेल त्यानं घ्या, हे मीच बोललो होतो. तेवढ्यासाठी जेवण तरी सुखानं झालं का? तेही नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही वाटून घेतलंत. मी इथे बसलेला असताना. ही शनिवारी येते आणि म्हणते, अण्णा सरका, माझं कपाट पुसायचंय. तू येतेस, माझा चष्मा उचलून खिडकीत ठेवतेस आणि म्हणतेस, माझ्या टेबलावर ठेवू नका, चरे पडतात. मग मी चष्मा ठेवू कुठे?"

मोठीनं मान खाली घातली.

"मी अजून इथंच आहे ना? का गेलो, आणि मला कोणी सांगितलंच नाही?"

हे ते हसून बोलले. त्यांच्या हसण्यानं मला रडू यायला लागलं, आणि रडू यायला लागलं की मला राग येतो, माझं ते तसंच आहे. "मग सांगायचं होतं अण्णा," मी म्हटलं. "तोंडानं सांगायचं होतं. असं चोरून तेल कशाला लावायचं?"

"सांगून काय होणार होतं? तू म्हणाली असतीस, हो अण्णा, तुमचंच आहे सगळं. आणि शनिवारी परत फडकं घेऊन आली असतीस. तुम्ही नियम केलात ना, मग म्हटलं आपणही नियमानंच घेऊ. म्हणून पुसतोय." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू तपासनीस आहेस, तूच सांग. किती पुसलं म्हणजे ते पुन्हा माझं होईल?"

मी रोज दहा घरांत जाऊन लोकांना प्रश्न विचारते. पण आदल्या दिवशी घरात कोण कोण आहे हे मोजताना आम्ही दोघी त्यांच्याच पलंगावर बसलो होतो, आणि त्यांना मोजायचं आमच्या मनातही आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी कपाटाच्या दारावरून तेलाचा एक ओघळ नक्षीकडे निघाला होता, तोही माझ्या नजरेतून सुटत नव्हता.

"निदान एवढं तेल तरी पुसून घेते," मी पुढे होत म्हटलं. "लाकूड खराब होईल."

"राहू दे."

"अण्णा, खरंच खराब होईल."

"होऊ दे," अण्णा म्हणाले. "माझंच होईल ना?"

आम्ही दोघी बाहेर आलो. स्वयंपाकघरात मोठीनं डोळे पुसले आणि चहा ठेवला. संध्याकाळी तिनं टेबलावर एक जाड कापड अंथरलं, अण्णांचा चष्मा आणून त्यावर ठेवला आणि आपलं निळं फडकं घेऊन घरी गेली.

त्यानंतर शनिवार आला की माझे हात शिवशिवायचे. मी खिडक्या पुसल्या, पंखे पुसले, नवऱ्याचे बूटसुद्धा पुसले. अण्णांच्या खोलीत मात्र फडकं घेऊन गेले नाही. तेल आपलं काम करत होतं. जाता-येता मला दिसायचं, कपाटाची चमक गेली, खालच्या भागावर धूळ चिकटून राखी थर बसला, वेलीची पानं काळी व्हायला लागली. खोलीत खवट वास यायला लागला. माझा जीव तुटायचा. शिवाय मोठी माझ्या नकळत टेबलावरचे पट्टे काढते की काय, अशीही एक शंका मला यायची, आणि ती समोरच्या दारातून आमच्या घरात डोकावताना दिसली की कळायचं, तिलाही माझ्याबद्दल तीच शंका येतेय.

"तुम्ही दोघी त्या खोलीवर पाळत ठेवून आहात का?" नवऱ्यानं विचारलं.

"तू पेपर वाच," मी म्हटलं.

मग एका सकाळी आतून हाक आली. "धाकटे! अगं, हे चिकट का लागतंय?"

मी धावले. पिवळं फडकं खांद्यावर कधी आलं मलाच कळलं नाही. उंबऱ्यापाशी पोचले तर अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"तिथंच थांब. फडकं राहू दे. तोंडानं सांग."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायला लागले. कोमट पाणी, त्यात साबणाचे चार थेंब. मऊ फडकं. बुडवा आणि पिळा.

"पिळलं."

"अजून पिळा."

"अगं, फडकं आहे, चोर नाही!"

"अजून पिळा, अण्णा."

त्यांनी पिळलं. मग मी म्हटलं, गोल फिरवू नका, लाकडाच्या रेषा बघा, त्या जातात तसा हात जाऊ द्या. त्यांनी चष्मा लावला, नाक लाकडाला टेकेल इतकं पुढे वाकून रेषा बघितल्या. "या होय!" म्हणाले. "एवढ्या वर्षांत दिसल्या नव्हत्या." फडकं काळं होत गेलं, त्यांनी ते पुन्हा पुन्हा धुतलं. नक्षी त्यांना धड जमत नव्हती. एक पान तर चक्क तसंच राहिलं. मी जीभ चावून उभी होते, दाराच्या चौकटीला धरून, आणि ते पान सोडून बाकी सगळीकडे बघत होते. सांगितलं तसं त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. खालच्या अर्ध्या भागाचा मूळचा काळपट तांबूस रंग वर यायला लागला.

अण्णा खुर्चीत मागे टेकले. दम लागला होता. मान वर करून त्यांनी कपाटाचा माथा बघितला, तिथली धूळ बघितली.

"वरचं तू कर," ते म्हणाले. "माझा हात पोचत नाही."

मी फडकं घेऊन आत पाऊल टाकलं.

"आधी विचार."

मी पाऊल मागे घेतलं. या माणसाला मी रोज दहादा प्रश्न विचारते, जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागली का. हा एक प्रश्न मात्र कधी विचारला नव्हता.

"पुसू का, अण्णा?"

अण्णांनी कपाटाकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. चष्मा काढून अंगातल्या बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि कपाट पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांनी 'पूस' म्हणायला बराच वेळ लावला. मुद्दाम लावला, अशी माझी शंका आहे.